धुराऐवजी बीटीआय मागा

पावसाळा लागला की नगरसेवकाकडे पहिली मागणी जाते ती धूरफवारणीची. धूर डोळ्यांना दिसतो, पण तो त्या वेळी उडत असलेल्या डासांपुरताच असतो. पाण्यातल्या अळ्या शाबूत राहतात आणि आठवड्याभरात नवे डास तयार होतात. म्हणूनच धुरावरचा बराचसा पैसा अळीनाशक जिवाणूंकडे वळवावा, असे माझे ठाम मत आहे.

बॅसिलस थुरिंजिएन्सिस इस्रायलेन्सिस, म्हणजेच बीटीआय, हा जिवाणू १९७६ साली इस्रायलच्या नेगेव वाळवंटात सापडला. बीजाणू तयार करताना तो प्रथिनांचे स्फटिक बनवतो. अळीने ते गिळले की तिच्या आतड्यातील अल्कधर्मी रसात ते विरघळतात, त्यांतून मोकळे झालेले विष आतड्याच्या पेशींना छिद्रे पाडते आणि अळी साधारण एका दिवसात मरते. माणसाच्या जठरातला रस आम्लधर्मी असतो, त्यामुळे आपल्या पोटात ही साखळी सुरूच होत नाही. शिवाय यात एक नव्हे तर अनेक विषे एकत्र काम करतात, त्यामुळे डासांना प्रतिकारशक्ती कमावणे फार अवघड जाते. गटाराच्या घाण पाण्यात अधिक टिकणाऱ्या लायसिनीबॅसिलस स्फेरिकस या दुसऱ्या अळीनाशक जिवाणूला हे संरक्षण नाही. त्याला दाद न देणारे क्युलेक्स प्रकारचे डास भारतातही आढळले आहेत.

गोव्याचा अनुभव आपल्या अगदी जवळचा आहे. बांधकामांवर साठवलेल्या पाण्यात अ‍ॅनोफिलिस स्टीफेन्साय हा शहरी हिवतापाचा डास वाढतो, आणि १९९० च्या दशकात मलेरिया संशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी तिथली बांधकामे व गच्चीवरच्या वापरात नसलेल्या टाक्या यांत बीटीआयने त्याच्या अळ्या आटोक्यात आणून दाखवल्या. पुढे स्थानिक अळीभक्षक माशांची जोडही देऊन पाहिली गेली. मला हे काम फार मोलाचे वाटते, कारण ते प्रयोगशाळेत नव्हे, सिमेंट आणि वाळूच्या ढिगाऱ्यांत झाले.

मात्र हा जिवाणू एकदा टाकून विसरण्यासारखा नाही. उन्हाने त्याचा प्रभाव ओसरतो, तो तळाशी बसतो, आणि कोष अवस्थेत गेलेला डास काही खातच नसल्यामुळे वाचतो. साधारणपणे दर आठवड्याला त्याच ठिकाणी पुन्हा जावे लागते, म्हणजेच खरा खर्च औषधाइतकाच माणसांचा आहे. ज्या कंत्राटी कामगाराला शिडी मिळत नाही, सोसायटीचा रखवालदार गच्चीची किल्ली देत नाही, त्याच्या हातात कितीही उत्तम बीटीआय दिले तरी टाकी तशीच राहते. तेव्हा पुढच्या प्रभाग सभेत धुराची गाडी कधी येणार हे विचारण्याऐवजी, आपल्या भागातल्या बांधकामांची आणि टाक्यांची यादी आहे का, आणि तिथे दर आठवड्याला कोण जाते, हे विचारा.