मरिया म्हणजे नाव बदललेली अर्तमी नव्हे

'आजच्या तुर्कस्तानातल्या इफिसात अर्तमी (आर्टेमिस) या ग्रीक देवीचं देऊळ होतं, तिथंच इ.स. ४३१ मध्ये बिशपांच्या धर्मपरिषदेने येशूच्या आईला, मरियेला, देवमाता ठरवलं, म्हणजे जुन्याच देवीचं बारसं केलं.' हा दावा सतत फिरत असतो. माझ्या मते तो चुकीचा आहे. त्यात सिद्धांत आणि लोकाचार यांची गल्लत झालेली आहे.

त्या परिषदेतला वाद मुळात ख्रिस्ताबद्दलचा. कॉन्स्टँटिनोपलचा बिशप नेस्टोरियस म्हणत होता, मरियेला 'ख्रिस्तोटोकोस', ख्रिस्ताला जन्म देणारी म्हणा. अलेक्झांड्रियाचा बिशप सिरिल याची हरकत अशी, की मग मरियेचा मुलगा वेगळा आणि देवाचा पुत्र वेगळा असे दोन ख्रिस्त होतात. म्हणून 'थिओटोकोस', देवाला जन्म देणारी. हा शब्दही इफिसात घडलेला नाही. अलेक्झांड्रियाच्याच बिशप अलेक्झांडरने तो सुमारे शंभर वर्षं आधी वापरला होता, तोही ख्रिस्ताचं शरीर खरं होतं, नुसता आभास नव्हता, हे सांगताना.

इजिप्तमध्ये आयसिस या देवीलाही 'देवाची आई' म्हणत, हे खरं. त्यामुळे शब्द लोकांच्या कानाला परका वाटला नसेल, एवढं मी मान्य करीन. पण कानाला ओळखीचा वाटणं आणि सिद्धांत तिथून येणं यांत फार अंतर आहे. आणि इफिसात अर्तमीचं काय झालं? डेमियास नावाच्या माणसाने तिची मूर्ती हटवून तिथे क्रूस उभारल्याचा शिलालेखच सापडलाय. त्यात तिला सैतानी म्हटलंय. बारसं असं करत नाहीत.

मरियेच्या देवीसारख्या पूजेची रीत खरंच दिसते ती बिशप एपिफानियसच्या लिखाणात, साधारण इ.स. ३७५ नंतर. अरबस्तानातल्या काही बायका चौकोनी आसन मांडत, त्यावर कापड अंथरत, मरियेच्या नावाने भाकर ठेवत आणि मग सगळ्या मिळून खात. एपिफानियसला बायबलमधल्या यिर्मयाच्या ग्रंथातल्या, आकाशाच्या राणीला पोळ्या वाहणाऱ्या बायका आठवतात. तो ठणकावतो : मरियेला मान द्या, पूजा मात्र पित्याची, पुत्राची आणि पवित्र आत्म्याची. वर्णन विरोधकाचं आहे, हे धरूनच वाचायचं. पण धर्मगुरू ही रीत आणत नव्हते, अडवत होते, एवढं त्यातून स्पष्ट होतं.

परिषदेच्या निकालाच्या रात्रीही लोकांनी मशाली घेऊन बिशपांना मुक्कामी पोहोचवलं, पुढे बायका धूप घेऊन चालल्या. हे सिरिलनेच पत्रात लिहिलंय. जुन्या मिरवणुकांच्या खुणा शोधायच्या तर अशा ठिकाणी शोधा. गोव्यातही तसंच : म्हापशाच्या मिलाग्रीस सायबिणीला, म्हणजे मरियेलाच, शिरगावच्या लईराई देवीची बहीण मानतात. ते नातंही तिथल्या लोकांनी जोडलं, कुठल्या धर्मपरिषदेने नव्हे.