‘रोड टॅक्स आम्ही भरतो’ म्हणणाऱ्यांना

पावसाळा आला की एक मेसेज सोसायटीच्या, शाळामित्रांच्या, नातेवाइकांच्या अशा सगळ्या ग्रुपवर फिरायला लागतो. थोडक्यात तो असा: गाडी घेताना लाखभर रोड टॅक्स आम्ही भरतो, पेट्रोलवरचा कर आम्ही भरतो, टोल आम्ही भरतो. म्हणजे रस्ते आमच्या पैशाचे. मग आमचा पैसा फुटपाथ, बसची वेगळी लेन आणि सायकल ट्रॅक यांत का घालवता? रस्ते रुंद करा, उड्डाणपूल बांधा. इलेक्ट्रिक गाड्या आल्या की प्रदूषणही संपेल, मग बस हवीच कशाला?

माझ्याकडेही गाडी आहे. दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीवरचा ११ टक्के कर मीही एकरकमी भरला आहे. खड्ड्यात चाक आदळल्यावर जीव कसा कळवळतो ते मला सांगायला नको. पण या मेसेजमधलं पहिलंच विधान चुकीचं आहे आणि पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे.

आपण ज्याला रोड टॅक्स म्हणतो त्याचं कायद्यातलं नाव मोटार वाहन कर. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत, राज्यसूचीच्या ५७व्या नोंदीत तो राज्य सरकारकडे दिलेला आहे. आरटीओत भरलेला पैसा राज्याच्या तिजोरीत जातो आणि तिथून पगार, पेन्शन, कर्जावरचं व्याज, पाटबंधारे, दवाखाने, रस्ते अशा सगळ्याच खर्चात मिसळतो. पेट्रोलवरच्या व्हॅटचंही तेच. केंद्राच्या करात रस्त्यांच्या नावाचा एक उपकर आहे खरा, पण त्यातून मुख्यतः महामार्ग आणि मोठ्या पायाभूत योजना होतात, तुमच्या घरासमोरची गल्ली नव्हे. टोल तर ज्या रस्त्याचा, त्या रस्त्याचा.

गल्ली, चौक, बाजारातला रस्ता हे महापालिकेचं काम. तिचा पैसा कुठून येतो? मुंबईच्या मालमत्ता कराचं बिल काढून बघा, त्यात ‘पथ कर’ अशी वेगळी ओळ असते. दारात सायकलही नसलेला माणूस ती भरतो. भाडेकरू ती भाड्यातून भरतो. दुसरा मोठा झरा म्हणजे जकात. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, मुंबईची जकात बंद झाली, आणि त्याच वर्षीच्या कायद्याने महापालिकांना राज्याकडून भरपाई सुरू झाली. तेव्हाची जकात काय नि आताचा जीएसटी काय, साबण, बिस्किटं, चपला घेणारा प्रत्येक जण तो भरत आला आहे. आमच्याकडे धुणीभांडी करायला येणाऱ्या मावशी दोन बस बदलून येतात. मुंबईत २०२३ पासून सुमारे ४०० किलोमीटर रस्त्यांच्या काँक्रिटीकरणाला जे सहा हजार कोटी लावले, त्यात त्यांचेही पैसे आहेत.

इथे गाडीवाल्यांच्या बाजूची एक गोष्टही मान्य करायला हवी. रस्ता मोटारीमुळे फारसा झिजत नाही. अमेरिकेत इलिनॉयमध्ये १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर ट्रक फिरवून चाचण्या झाल्या. त्यातून ढोबळ नियम निघाला तो असा, की एका अ‍ॅक्सलवरचा, म्हणजे चाकांच्या जोडीच्या आसावरचा, भार दहापट झाला की रस्त्याचं नुकसान दहा हजारपट होतं. म्हणजे रस्ता खचवतात ते ट्रक आणि बस, आणि आपल्याकडे त्यात तुंबलेलं पाणी आणि खोदकामाची भर. पण हाच हिशेब पुढे न्या. चालणारा आणि सायकलवाला रस्त्याचं जवळपास काहीच नुकसान करत नाही, तरी कर भरतोच. ‘जो भरतो त्याचा रस्ता’ हेच तत्त्व लावायचं, तर आपल्या वाट्याहून जास्त भरणारा तोच आहे.

आणि ‘आमच्याकडूनच सगळं उकळतात’ हे? कोस्टल रोडवर मुंबई महापालिकेने सुमारे १४ हजार कोटी घातले. त्यावर टोल नाही आणि दुचाकीलाही बंदी आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईच्या पाचही नाक्यांवर हलक्या वाहनांचा टोल माफ झाला. त्यानंतर सात महिन्यांत, मे २०२५ मध्ये, बेस्टचं किमान भाडं ५ रुपयांवरून १० रुपये झालं. पुढच्याच महिन्यात पुण्यात पीएमपीचंही तेवढंच. मोटारवाल्याला सूट आणि बसवाल्याला दुप्पट भाडं, हे मला अतिशय अन्यायाचं वाटतं. गाडीवाला असूनही वाटतं.

उड्डाणपुलांबद्दल फार बोलायला नको. १९९५ नंतर मुंबईत पन्नासएक बांधले, तरी कोंडी आहे तिथेच आहे. पुण्याच्या विद्यापीठ चौकातला पूल बांधून पंधरा वर्षंही झाली नव्हती, तो २०२० मध्ये पाडावा लागला, कारण मेट्रोसह नव्या दुमजली पुलाला जागा हवी होती. ते पैसे कुणाच्या खिशातले, हे वर आलंच आहे.

खरी अडचण जागेची आहे. एक मोटार उभी करायला साधारण साडेबारा चौरस मीटर लागतात. मुंबईत झोपडपट्टी पुनर्वसनात अख्ख्या कुटुंबाला मिळणारं घर ३०० चौरस फुटांचं, म्हणजे अशा दोन-सव्वादोन गाड्यांएवढं. देशात शंभरातल्या आठच घरांत मोटार आहे, असं पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात दिसलं. शहरात हे प्रमाण जास्त असेल, तरी निम्म्याच्या जवळपासही नाही. मग रस्ता रुंद करायचा तो कुणासाठी? २००६ च्या राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणातच लिहिलं आहे की रस्त्याची जागा वाहनं नव्हे, माणसं डोळ्यांसमोर ठेवून वाटायची. देशात २०२२ मध्ये रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली, त्यांत ३२ हजारांहून अधिक पायी चालणारी होती. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोकळा फुटपाथ हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. फुटपाथवरच्या खर्चाला उधळपट्टी म्हणणाऱ्यांनी हे आकडे एकदा शांतपणे वाचावेत.

गाडीवाल्यांची एक मागणी मात्र रास्त ठरेल: आरटीओत जमा होणाऱ्या करातला ठरावीक वाटा शहरांना द्या. तिच्यावर मीही सही करीन. पण तो पैसा आला तरी आधी बसला आणि चालणाऱ्यांना मिळायला हवा. लंडनमध्ये २००३ पासून शहराच्या मध्यभागी गाडी आणण्याचे पैसे घेतात आणि ते वाहतुकीवरच खर्च करण्याचं बंधन कायद्यात आहे. सिंगापूरने तर अशी वसुली १९७५ मध्येच सुरू केली.

राहिली इलेक्ट्रिक गाडी. ती पेट्रोलवरचा कर भरत नाही आणि राज्याच्या धोरणाने तिला मोटार वाहन करातही सूट दिली आहे. म्हणजे उद्या सगळेच बॅटरीवर गेले, तर ‘आम्ही भरतो’ म्हणण्यातला उरलासुरला आधारही जाईल. धूर कमी होईल, हे चांगलंच. पण माझी आई दर महिन्याला पेन्शनसाठी बँकेत चालत जाते. दहा मिनिटांच्या वाटेवर फुटपाथ तीनदा संपतो, आणि जिथे आहे तिथे त्यावर गाड्या लावलेल्या असतात. तिथे दोन महिन्यांपासून एक हिरव्या नंबरप्लेटची गाडीही असते. तिला वळसा घालायला आईला रस्त्यावरच उतरावं लागतं, आणि मागून बस येते.