चारशे गेमचं यंत्र जरूर घ्या, पण चारशेवर विश्वास ठेवू नका

गणपती जवळ आले की मुंबईहून येणाऱ्या पोरांसाठी काय आणून ठेवू, असं कोणी ना कोणी विचारतंच. माझं उत्तर ठरलेलं आहे. बाजारात पाचशे ते हजाराच्या आसपास मिळणारा तो 'चारशे गेम'वाला व्हिडिओ गेम घ्या, आणि दुसऱ्या रिमोटसकट घ्या. लोक तोंड वाकडं करतात, "अरे, ती नक्कल असते, चायना माल." नक्कल आहेच. तरीही कोकणातल्या घरात पोरांना एकत्र बसवणारी याच्याइतकी चांगली वस्तू या किमतीत दुसरी नाही, असं माझं ठाम मत आहे.

आधी ती वस्तू काय आहे ते बघू. पाठीमागचे स्क्रू काढले की आत दिसतं ते एवढंच: एक पातळ सर्किट बोर्ड, बॅटरीच्या दोन पट्ट्या, बारीकसा स्पीकर, बटणांखाली रबराच्या चकत्या आणि मधोमध डांबराच्या थेंबासारखा काळा गोळा. त्या गोळ्याखाली उघडी चिप बसवलेली असते. ही नक्कल ज्याची आहे तो फॅमिकॉम, म्हणजे टीव्हीला जोडून खेळायचं यंत्र, निन्टेन्डो या कंपनीनं १५ जुलै १९८३ रोजी जपानात आणला, तेव्हा त्यात प्रोसेसर वेगळा, चित्र काढणारी चिप वेगळी, मेमरी वेगळी होती. पुढे तैवानमध्ये त्या चिपांच्या नकला निघाल्या आणि मग सगळा कारभार एकाच चिपमध्ये मावला. नव्वदच्या दशकात आपल्याकडे कॅसेट लावून जे खेळलं जायचं, तेही बहुतेक नक्कलच होतं. अस्सल फॅमिकॉम आमच्या भागात मी तरी कोणाच्या घरी पाहिला नाही.

आता त्या चारशेबद्दल. खोक्यावरचा हा आकडा मला मनापासून खटकतो. यादी उघडा आणि शांतपणे खाली उतरत जा. एकच गेम तीन नावांनी येतो. कुठे तोच गेम मधल्याच पातळीवरून सुरू होतो आणि त्याला वेगळा नंबर मिळतो. कुठे नुसते रंग बदललेले असतात. खरे, वेगवेगळे आणि पुन्हा खेळावेसे वाटणारे गेम तीसेक निघाले तरी पुष्कळ झालं. दुकानदारांना माझं सांगणं आहे की तीसच सांगा. तीस चांगल्या गेमला पाचशे रुपये कोणीही आनंदानं देईल, त्यासाठी पोराला खोट्या आकड्याची भुरळ घालायची गरज नाही.

आणि त्या तिसांत काय काय आहे ते तरी बघा! १९८५चा सुपर मारिओ ब्रदर्स अवघ्या ४० किलोबाइटमध्ये बसवलेला आहे. आठ जगं, प्रत्येकात चार टप्पे. आकाशातला ढग आणि जमिनीवरचं झुडूप नीट निरखून पाहा: आकार तोच, फक्त रंग बदललाय. त्या ४० पैकी चित्रांच्या तुकड्यांसाठी जागाच ८ किलोबाइट होती, त्यामुळे चित्राचा तुकडान् तुकडा जपून वापरावा लागे. मी हे भाच्याला दाखवलं तेव्हा तो खेळायचा थांबला आणि बाकीची चित्रं कुठे कुठे पुन्हा वापरलीत ते शोधत बसला. आठवीतल्या मुलाला मेमरी म्हणजे काय हे यापेक्षा सोप्या रीतीनं कोणी शिकवेल असं मला वाटत नाही.

पण खरी मजा दोघांची आहे. कॉन्ट्रा या दोघांनी मिळून खेळायच्या बंदूकबाजीच्या गेममध्ये धबधब्याचा टप्पा येतो. तिथे वर वर चढत जायचं असतं. एक जण घाईनं पुढे गेला की पडदा त्याच्याबरोबर वर सरकतो आणि खाली राहिलेला साथीदार फुकट मरतो. मग माजघरात जो गलका होतो! "तू कित्याक पुढे गेलंस? माका थांबूक नाय काय?" दुसऱ्या वेळी तीच दोन पोरं एकमेकांना उडी कधी मारायची ते सांगत चढतात. हे त्यांना कोणी शिकवलेलं नसतं. बॅटल सिटी, म्हणजे आपला रणगाड्यांचा गेम, तसाच. एकानं गरुडाजवळ, म्हणजे आपल्या तळाच्या खुणेजवळ, राखण करायची, दुसऱ्यानं पुढे जाऊन शत्रू उडवायचा, आणि चुकून आपल्याच माणसाला गोळी लागली तर तो जागीच थिजतो. बाकीची पोरं भोवती आपल्या पाळीची वाट बघत बसतात. "तू मेलंस, आता माका दी," हे वाक्य हातातल्या मोबाइलवर खेळणाऱ्या मुलाला कधी ऐकावंच लागत नाही.

मोबाइलच्या गेमशी तुलना करायची तर मला एवढंच म्हणायचं आहे की हे यंत्र पोराकडे काही मागत नाही. मध्येच जाहिरात नाही, नाणी विकत घ्या नाही, उद्या परत ये म्हणून टिणटिण नाही. रेंज नसलेल्या वाडीतही ते चालतं. मेलं की मेलं, पुन्हा पहिल्यापासून. आणि मारिओ शेवटच्या किल्ल्यात पोचला की गेम संपतो, खरोखरच संपतो.

आपल्या हवेसाठीही ही नवी यंत्रं बरी. जुन्या कॅसेटच्या पिनांवर खाऱ्या वाऱ्यानं हिरवट थर चढायचा, त्यावर आपण तोंडानं फुंकर मारून आणखी ओल घालायचो. आता कॅसेटच नाही. मात्र बॅटरी काढता येणारी आहे ना ते दुकानातच बघून घ्या. गणपती आटोपले की ती काढून ठेवा, कारण आतल्या पट्ट्या पावसाळी हवेत गंजतात. फुगलेली बॅटरी मात्र क्षणभरही वापरू नका, आणि चार्जिंगला लावून पोरांना एकटं सोडू नका. बटण दाबून लागत नसेल तर टाकून देण्याआधी उघडून रबराची चकती आणि तिच्याखालची काळी जागा कोरड्या सुती फडक्यानं पुसा. बहुतेक वेळा तेवढ्यानं भागतं.

टीव्हीला जोडणार असाल तर पिवळी-पांढरी पिन लावायची सोय तुमच्या टीव्हीला आहे का ते आधी बघा, नव्या टीव्हींना ती नसतेही. चित्र ४:३ वर ठेवा, नाहीतर मारिओ आडवा पसरतो. टीव्हीत 'गेम मोड' असेल तर तो लावा. बटण दाबणं आणि उडी पडणं यात जो उशीर होतो, तो बराच कमी होतो.

एक गोष्ट मात्र मला स्वच्छ बोलायची आहे. यंत्राच्या रचनेवरची पेटंटं कधीच संपली, पण आतल्या गेमवरचे हक्क संपलेले नाहीत, आणि या पाचशे रुपयांतला एक पैसाही ते बनवणाऱ्यांना जात नाही. हे मला बोचतं. म्हणून ज्यांना परवडतं त्यांनी हेच गेम निन्टेन्डोच्या आजच्या यंत्रावर पैसे मोजून खेळावेत, असंच मी सांगेन. ज्यांना ते परवडत नाही, त्यांनी निदान पोरांना नावं तरी सांगावीत. मारिओ शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांनी रचला. फॅमिकॉम उभा केला तो मासायुकी उएमुरा यांनी, ते डिसेंबर २०२१ मध्ये गेले. अंगठ्याखालचं ते अधिकच्या खुणेसारखं बटण गुनपेई योकोई यांच्या डोक्यातून आलं. आमच्या घरातल्या पोरांना ही नावं पाठ आहेत.

राहता राहिला बदकं मारायचा गेम. यादीत तो असतो, काही संचांबरोबर बंदूकही येते, आणि सपाट टीव्हीवर एकही बदक पडत नाही. बंदूक बिघडलेली नसते. घोडा दाबला की पडदा क्षणभर काळा होतो, बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो आणि बंदुकीतला डोळा तो उजेड टिपतो. हे सगळं जुन्या काचेच्या टीव्हीच्या वेळेवर बेतलेलं आहे. सपाट टीव्ही चित्र दाखवायला जो उशीर लावतो, त्यात बंदुकीची वेळ हुकून जाते.

तेव्हा वेंगुर्ला, कुडाळ, सावंतवाडी या बाजूला कोणाच्या माळ्यावर चालू स्थितीतला जुना डबा टीव्ही पडून असेल तर कृपा करून कळवा. योग्य किंमत देईन, न्यायला गाडी घेऊन मीच येईन. चतुर्थीच्या आधी मिळाला तर फार बरं होईल.