शोधाची चौकट साधी असावी, पण तिच्यावर विश्वास ठेवता यावा

मागच्या आठवड्यात एका बटणापायी माझं दिवसभराचं काम गेलं. आदल्या रात्री एका किचकट दुरुस्तीसाठी मी टेक्स्ट एडिटरच्या शोधाच्या चौकटीत रेग्युलर एक्स्प्रेशन (ठरावीक चिन्हं वापरून शब्दांचे नमुने शोधण्याची सोय) चालू केलं होतं. दुरुस्ती झाली, चौकट बंद केली आणि ते विसरून गेलो. सकाळी एका पात्राच्या तोंडचं 'काय?' सगळीकडे 'काय गं?' करायचं होतं. शोध-बदल उघडलं, दोन्ही शब्द टाइप केले, 'सगळे बदला' दाबलं. पडद्यावर दिसत होता तो परिच्छेद बरोबर होता, म्हणून पुढे लिहीत राहिलो.

रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये प्रश्नचिन्ह हे प्रश्नचिन्ह नसतं. 'याच्या आधीचं अक्षर असलं तरी चालेल, नसलं तरी चालेल' असा त्याचा अर्थ होतो. म्हणजे एडिटरच्या लेखी मी नुसतं 'का' शोधत होतो. काम, काळ, काका, लोकांना, एकाएकी, झाडून सगळ्या शब्दांच्या पोटात 'काय गं?' घुसलं होतं. लक्षात आलं तेव्हा फाइल सेव्ह करून बंद झालेली होती, मागे फिरायची सोय संपलेली. जुनी प्रत होती, पण ती आदल्या रात्रीची.

हे सांगितल्यावर दोन प्रकारची उत्तरं मिळाली. एक, असल्या प्रगत सोयी साध्या एडिटरमध्ये नकोतच. दुसरं, ज्याला वापरायच्या त्याने नीट शिकून घ्याव्यात. मला दोन्ही पटत नाहीत. ती सोय नसती तर आदल्या रात्रीचं काम हाताने करायला मला आठवडा लागला असता. आणि शिकण्याचं म्हणाल तर प्रश्नचिन्हाचा अर्थ मला माहीत होता. बटण दाबलेलं आहे, एवढंच माहीत नव्हतं.

म्हणून माझं पहिलं मागणं अगदी लहान आहे. चौकट बंद केली की रेग्युलर एक्स्प्रेशन आपोआप बंद व्हावं. आणि 'सगळे बदला' दाबल्यावर, प्रत्यक्ष बदल होण्याआधी, किती ठिकाणी होणार आहे तो आकडा आणि आधी-नंतरचे चार-पाच नमुने समोर यावेत. वीसेक जागा अपेक्षित असताना हजाराचा आकडा दिसला असता तर माझा हात तिथेच थांबला असता.

ही चिन्हांची भाषा आली कुठून, तेही पाहण्यासारखं आहे. संगणकशास्त्रज्ञ केन थॉम्पसन यांनी मजकुरात असे नमुने शोधण्याची पद्धत १९६८ मध्ये शोधनिबंधात मांडली आणि ती एडिटरमध्ये आणली. 'ग्रेप' हे मजकूर शोधण्याचं प्रसिद्ध साधन आणि त्याचं नावही युनिक्स या संगणक-प्रणालीवरच्या एका जुन्या एडिटरच्या आज्ञेतूनच आलं. प्रोग्रामरांनी प्रोग्रामरांसाठी घडवलेली ही भाषा पुढे लेखक, अनुवादक, मुद्रितशोधक अशा सगळ्यांच्या चौकटीत जशीच्या तशी येऊन बसली. नोटपॅड++ या एडिटरमध्ये साधा शोध आणि रेग्युलर एक्स्प्रेशन यांच्या मधे एक तिसरा पर्याय आहे. त्यात नवी ओळ आणि टॅब शोधता येतात, पण प्रश्नचिन्ह प्रश्नचिन्हच राहतं. मजकुरावर काम करणाऱ्या बहुतेकांची गरज एवढ्यावर भागते. हा पर्याय मला फार मोलाचा वाटतो आणि इतर एडिटरांमध्ये तो क्वचितच दिसतो.

पण साधेपणाचं मला सर्वांत आवडणारं उदाहरण ईमॅक्स या जुन्या एडिटरमधलं आहे. तिथे सगळी इंग्रजी अक्षरं लहान लिपीत टाइप केली तर लहान-मोठा भेद न करता शोध होतो. एक जरी कॅपिटल टाकलं तरी तो भेद पाळला जातो. व्हिम या दुसऱ्या एडिटरमध्येही दोन सेटिंगं चालू केली की हेच होतं. बटण नाही, खूण नाही. माणूस जे टाइप करतो त्यावरूनच त्याला काय हवंय ते ओळखलं जातं. साधेपणा मी याला म्हणतो. विचार करायचं ओझं एडिटरने उचललेलं असतं.

आता मराठीकडे या. लहान-मोठ्या अक्षरांचा भेद पाळायला इतर एडिटरांत जे बटण असतं ते आपल्या लिपीसाठी कायमचं निरुपयोगी. 'पूर्ण शब्द' हे बटण तर अनेकदा चुकतंच. जावास्क्रिप्ट या प्रोग्रामिंग भाषेच्या नेहमीच्या व्याख्येत शब्दातलं अक्षर म्हणजे फक्त इंग्रजी अक्षरं, अंक आणि अंडरस्कोर. पायथन या दुसऱ्या भाषेच्या नेहमीच्या रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये देवनागरी व्यंजन चालतं, पण काना-मात्रा-वेलांटी आली की शब्द तुटला असं धरलं जातं. आणि समजा हे सगळं दुरुस्त झालं, तरी 'राम' शोधताना पूर्ण शब्द मागितला तर 'रामाने', 'रामाला' सुटतात, आणि न मागितला तर 'आराम', 'विराम' येतात. आपले प्रत्यय शब्दाला चिकटतात. आपल्याला हवा 'शब्दाची सुरुवात' असा पर्याय. 'घोडा' शोधून 'घोड्याला' मिळावं ही त्यापुढची पायरी, पण निदान पहिली तरी चढू या.

याहून वाईट प्रकार दिसायला सारख्या शब्दांचा. 'ॲप' दोन तऱ्हांनी लिहिता येतं. एकात ॲ हे एकच अक्षर असतं, दुसऱ्यात अ आणि त्यावर वेगळा चंद्र. कित्येक फॉन्टांत दोन्ही डोळ्यांना अगदी सारखे दिसतात, एडिटरला मात्र वेगळे. 'दऱ्या' आणि 'दर्‍या' यांचंही तेच. एकाच फाइलमध्ये दोन माणसांचे कीबोर्ड फिरले असतील तर शोधाला अर्धेच शब्द सापडतात. उरलेल्या अर्ध्यांबद्दल एडिटर ठामपणे सांगतो, 'सापडलं नाही'. त्या दोन शब्दांवर विसंबून माणूस फाइल पुढे पाठवतो.

दिसायला एकच असलेला शब्द शोधात एकच धरावा, आणि ज्याला नेमका फरक हवा त्याच्यासाठी बटण ठेवावं. आज नेमकं उलटं आहे. दोन्ही प्रकारचे 'ॲप' एका शोधात मिळवायला मला (ॲ|अॅ)प, म्हणजे 'हा ॲ किंवा तो', असं लिहावं लागतं आणि त्यासाठी तेच रेग्युलर एक्स्प्रेशनचं बटण दाबावं लागतं. आता ते बंद केल्याची खात्री मी रोज सकाळी पहिल्या शोधाआधी करतो.