न्यूटनचं घर ‘सरदाराचा वाडा’ नव्हतं

एक मजकूर सध्या ग्रुपांमधून फिरतोय. न्यूटन जमीनदाराच्या वाड्यात जन्मला, म्हणून त्याला विचार करायला निवांतपणा मिळाला. सफरचंदाचं ते झाड दोनशे वर्षांपूर्वीच मेलं. आणि आज त्या घरात पाहण्यासारखं खरं काही उरलेलं नाही. तिन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

सगळा घोळ ‘वुल्सथॉर्प मॅनर’ या न्यूटनच्या घराच्या नावातून झालाय. मॅनर म्हणजे वाडा, असं वाटतं. पण मॅनर हा मुळात जमिनीवरचा हक्क. न्यूटनच्या आजोबांनी तो १६२३ मध्ये विकत घेतला. घर मात्र इंग्लंडमधल्या लिंकनशर परगण्यातल्या मेंढपाळ शेतकऱ्याचं: सतराव्या शतकाच्या सुरुवातीचं, दोन मजली, त्याच भागातल्या फिकट चुनखडकाचं. खिडक्यांना लाकडी चौकटींऐवजी दगडाच्याच उभ्या पट्ट्या. भोवती कोठार आणि शेत. वडिलांना सहीसुद्धा करता येत नव्हती. मुलगा जन्मण्याआधीच, १६४२ मध्ये, ते वारले, तेव्हा मागे २३४ मेंढ्या आणि ४६ गुरं होती. खाऊनपिऊन सुखी घर म्हणा हवं तर, पण सरदारकी नाही.

निवांतपणाचं तर विचारूच नका. आईने त्याला शाळेतून काढून शेतावर आणलं होतं. ऑक्टोबर १६५९ मध्ये गावच्या न्यायसभेने या सोळा वर्षांच्या मुलाला दंड केला. मेंढ्यांनी दुसऱ्याच्या रानाची नासधूस केली, डुकरं पिकात शिरली आणि कुंपण मोडकं ठेवलं, हे त्याचे गुन्हे. मला हा दंड फार मोलाचा वाटतो. वाड्यातल्या मुलाच्या नावावर डुकरं पिकात शिरल्याचा दंड लागत नाही.

झाडाचं म्हणाल तर ते १८२० च्या वादळात आडवं झालं, मेलं नाही. मूळ जमिनीत राहिलं, त्यातून फुटवा आला आणि झाड पुन्हा उभं राहिलं. ‘फ्लॉवर ऑफ केंट’ ही त्याची जात. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेतही त्याचं कलम आणून लावलं होतं. (सफरचंद डोक्यात पडलं, हेही खरं नाही. १७२६ मध्ये म्हाताऱ्या न्यूटनने त्याचा मित्र आणि चरित्रकार विल्यम स्टुकलीला चहा पिताना जे सांगितलं, त्यात फळ पडताना पाहिल्याचं आहे, डोकं कुठेच नाही.)

राहिलं ‘घरात काही उरलेलं नाही’. हा न्यूटन लहानपणी भिंतींवर चित्रं काढायचा, असं स्टुकलीनेच लिहून ठेवलंय. २०१७ मध्ये खालच्या दालनातल्या शेकोटीशेजारच्या भिंतीवर वेगवेगळ्या कोनांतून प्रकाश टाकून फोटो घेतले गेले. साध्या डोळ्यांना न दिसणारे ओरखडे सावल्यांमुळे उठून आले. ती पवनचक्की होती. जवळच्या ग्रँथम या गावाशेजारी उभारल्या जाणाऱ्या पवनचक्कीकडे तो मुलगा तासन्‌तास बघत बसे आणि तिची छोटी प्रतिकृतीही त्याने बनवली होती. ओरखडे त्याच्याच हाताचे असावेत, असं अभ्यासकांना वाटतं. ज्या भिंतीवर ते आहेत, ती आजही तिथेच उभी आहे.