‘लॉटरी’ म्हणू नका राव

लंडन २०१२ ऑलिम्पिकच्या बॅडमिंटनचा विषय निघाला की कुणीतरी ठोकून देतंच, ‘महिला दुहेरीचं कांस्य? ती तर रशियाला लागलेली लॉटरी!’ मला हे पटत नाही. हे पदक व्हॅलेरिया सोरोकिना आणि नीना विस्लोवा या जोडीचं. गंमत म्हणजे लॉटरी म्हणणाऱ्यांतल्या अनेकांना ही नावंही ठाऊक नसतात.

आधी त्यांच्या विरोधातलं सांगून टाकतो. गटात तीनपैकी दोन सामने त्या हरल्या होत्या, चीन आणि कोरियाकडून. जिंकल्या फक्त कॅनडाशी. नियमाने त्यांचं ऑलिम्पिक तिथंच संपलं होतं.

पण ३१ जुलैच्या संध्याकाळी वेम्बली अरीनात काय चाललं होतं? चीनच्या वांग शिओली-यू यांग, म्हणजे तेव्हाच्या विश्वविजेत्या, हरण्यासाठी धडपडत होत्या. दुसऱ्या गटात चीनच्याच तियान छिंग-झाओ युनलेई डेन्मार्ककडून हरून दुसऱ्या आल्या होत्या, त्यामुळे गट जिंकला तर आपल्याच देशाची जोडी फायनलआधीच समोर येणार होती. समोरच्या कोरियन जोडीनेही तोच धडा गिरवला. सर्व्हिस जाळ्यात, साधे फटके रेषेबाहेर. पहिल्या गेममधली सगळ्यात लांब रॅली चार फटक्यांची! प्रेक्षकांनी हुर्यो उडवली, रेफरी कोर्टवर आले. पुढे कोरियाच्या दुसऱ्या जोडीच्या इंडोनेशियाशी झालेल्या सामन्यातही तोच तमाशा. तिथे तर काळं कार्ड, म्हणजे थेट बाद केल्याची खूण, दाखवून परत घेतलं. दुसऱ्या दिवशी चारही जोड्या बाहेर, आणि त्यांच्या जागा गटात मागे राहिलेल्या जोड्यांना.

आणि त्याच दिवशी क्वार्टर फायनल. घरी जायची तयारी करायची की रॅकेट उचलायची, एवढाच वेळ. सोरोकिना-विस्लोवा यांनी दक्षिण आफ्रिकेला हरवलं, सेमीफायनलला तियान-झाओकडून हरल्या (त्याच पुढे सुवर्ण घेऊन गेल्या) आणि कांस्यपदकासाठी कॅनडाला २१-९, २१-१० असं धुतलं. हा स्कोअर नशिबाचा वाटतो? जागा अशा आयत्या मिळालेल्या जोड्या चार होत्या, पदक एकीनेच नेलं. बॅडमिंटनमधलं रशियाचं ते पहिलं ऑलिम्पिक पदक.

शिवाय या दोघी काही अचानक उगवल्या नव्हत्या. निझनी नोवगोरोदची सोरोकिना आणि मॉस्कोची विस्लोवा २०१० मध्ये मँचेस्टरला युरोपियन चॅम्पियन झाल्या होत्या.

आपल्याकडचा राग वेगळाच आहे. ज्वाला गुट्टा-अश्विनी पोनप्पा एका गुणाच्या फरकाने बाहेर गेल्या, हे अजून सलतं. मलाही सलतं. पण त्यांचा गट निराळा होता. जपान आणि चिनी तैपेई (म्हणजे तैवान) यांच्या सामन्यावर भारताने हरकत घेतली, ती फेटाळली गेली, आणि तीच जपानी जोडी पुढे रौप्य घेऊन गेली. त्यात रशियाच्या पोरींनी आपलं काय ओरबाडलं?

दोष द्यायचाच तर तो फॉरमॅट आखणाऱ्यांना द्या. दुहेरीत गटसाखळी आणली, पण हरण्यात फायदा होणार नाही याची काळजी कुणी घेतली नाही. नंतर जागतिक महासंघाने नियम बदलला, गटात दुसऱ्या आलेल्या जोड्यांचे पुढचे प्रतिस्पर्धी चिठ्ठ्या टाकून ठरायला लागले. हेच लंडनला केलं असतं तर वांग-यू पूर्ण ताकदीने खेळल्या असत्या, आणि मग सोरोकिना-विस्लोवा खरंच गटातून घरी गेल्या असत्या. तेवढं मी मान्य करतो. लॉटरी मात्र म्हणू नका.