तीन गुणांची वाटणी

टीमने दणकून मार खाल्ला की झोप छान लागते. तीस गुणांनी हरलो तर बोलायला उरतंच काय? हातपाय धुवायचे आणि पडायचं. तीन गुणांनी हरलं की मात्र ते तीन गुण आपल्याबरोबर घरी येतात, आणि मग वडिलोपार्जित जमिनीसारखी त्यांची वाटणी करत बसावं लागतं. हा माझा, हा तुझा, हा त्या रेफरीचा.

20 जानेवारी 2022, गुरुवारची रात्र. कॉलेज बास्केटबॉलचा सामना. स्थळ ब्लूमिंग्टन, अमेरिकेतलं इंडियाना राज्य. इंडियाना विद्यापीठ 68, आमचं पर्ड्यू 65.

'आमचं' म्हणजे मी तिथे पीएचडी करत होतो. घर वाळवा तालुक्यातलं, बाबा साखर कारखान्यात बॉयलरवर. पर्ड्यूच्या टीमला बॉयलरमेकर्स म्हणतात आणि तिथे भेटल्यावर 'बॉयलर अप!' असं ओरडतात, हे मी फोनवर सांगितलं तेव्हा बाबांना पहिल्यांदा खात्री पटली, की पोरगं चांगल्या ठिकाणी पडलंय. बास्केटबॉल त्यांनी जन्मात पाहिला नाही. पण दर हंगामाला बॉयलर अग्निप्रदीपनाच्या पूजेला पुढे उभं राहणाऱ्या माणसाला पुढचं काही समजावून सांगावं लागत नाही.

इंडियाना आणि पर्ड्यू ही एकाच राज्यातली दोन सरकारी विद्यापीठं. म्हणजे वैर नव्हे, भाऊबंदकी. त्यांच्याकडे देशाची पाच अजिंक्यपदं आहेत आणि आमच्याकडे एनसीएएचं, म्हणजे कॉलेज-खेळांच्या राष्ट्रीय संघटनेचं, एकही नाही, हा बांध कायमचा. पण गेल्या सलग नऊ सामन्यांत आम्ही त्यांना हरवलं होतं. त्या आठवड्यात आम्ही देशात चौथे होतो. जेडन आयव्ही होता, सात फूट चार इंचांचा झॅक एडी होता. हरायला काही कारणच नव्हतं, आणि तिथेच माझ्या पोटात गोळा आला होता.

तिकिटं घरमालकांनी काढली. मी त्यांना मनातल्या मनात आजोबा म्हणायचो आणि त्यांच्या बायकोला आजी. आजोबा आयुष्यभर मक्याची शेती करून निवृत्त झालेले. आजी सामना बघता बघता विणकाम करते. आम्ही जिंकत असलो की सरळ टाके, हरत असलो की उलट. चौथा माझा रूममेट, नागपूरचा, संख्याशास्त्रवाला. दोन तासांच्या रस्त्यात त्याने आमची जिंकण्याची शक्यता तीनदा मोजली आणि तिन्ही वेळा ती वाढली.

इंडियानाच्या असेंब्ली हॉलमध्ये सतरा हजारांवर माणूस बसतं. आमच्या जागा पार वर, जिथून खेळाडूंपेक्षा छपराचे बोल्ट नीट दिसतात. चहूकडे लाल रंग आणि त्यात आम्ही चौघं काळ्या-सोनेरी जर्सीत, श्राद्धाला चुकून वऱ्हाड यावं तसे. करोनाचे दिवस होते, तोंडावर मास्क होता, एवढाच काय तो आधार. आजोबांनी बसल्याबसल्या खालची एक जागा बोटाने दाखवली. 1985 च्या 23 फेब्रुवारीला इंडियानाचे कोच बॉब नाइट यांनी संतापून मैदानावर खुर्ची भिरकावली ती तिथे. समोर पर्ड्यूच होतं आणि जिंकलंही पर्ड्यूच. आजोबा ते अशा आवाजात सांगतात, की खुर्ची यांनीच झेलली असावी.

आता माझ्या माकडटोपीबद्दल. आईने विणून दिलेली, करड्या रंगाची, कानाबिनासकट. त्या थंडीत मी ती सगळीकडे घालायचो, सामन्यालाही. आजीने एकदा हिशोब केला, की टोपी डोक्यावर असताना पर्ड्यू एकदाही हरलेलं नाही. तेव्हापासून ती टोपी माझी राहिली नव्हती, संघाची झाली होती.

सामना अटीतटीचा झाला. वर गरम हवा साठते, पॉपकॉर्नचा वास, सतरा हजारांचा आरडाओरडा. शेवटच्या मिनिटाला आम्ही 65-64 असे पुढे, आणि माझ्या कानामागून घामाचा ओघळ मानेत उतरला. मी टोपी काढली. फक्त मान पुसण्यापुरती. तेवढ्यात इंडियानाच्या रॉब फिनिसीने तीन गुणांच्या रेषेबाहेरून चेंडू सोडला.

जाळी हलली तेव्हा टोपी माझ्या हातात होती.

हा फिनिसी कुठला, तर लाफायेटचा! वाबाश नदीच्या अलीकडे आमचं वेस्ट लाफायेट, पलीकडे त्याचं लाफायेट. मधे एक पूल. आमच्या पाण्यावर वाढलेल्या पोराने त्या रात्री 20 गुण घातले आणि शेवटचा घावही त्यानेच घातला. पुढे फाउलच्या बदल्यात एका गुणाचा फ्री थ्रो, घड्याळ संपलं आणि लाल लोंढा मैदानात घुसला. आम्ही वरच बसून राहिलो. पाहुण्यांनी गर्दी ओसरेपर्यंत थांबावं, असा रिवाज आहे म्हणे.

परतीच्या गाडीत वीस मिनिटं कुणी बोललं नाही. फक्त वायपर. मग रूममेट म्हणाला, "तीन गुणांचा फरक म्हणजे आकडेशास्त्रात काहीच नाही बे. बरोबरीच समज." कुणीच समजलं नाही.

त्यानंतर वाटणी सुरू झाली. आजोबांच्या मते एक गुण फ्री थ्रोंवर गेला. पंधरा फुटांवर उभं राहायचं, अंगावर कुणी येत नाही, तरी चुकतात म्हणजे काय? त्यातून पुरुषांच्या कॉलेज खेळात समोरच्यांच्या सातव्या फाउलपासून 'वन अँड वन' असतो: पहिला जाळीत पडला तरच दुसरा मिळतो. पहिली पोळी संपवली तरच दुसरी, इतका सरळ नियम, आणि यांना भूकच नाही! दुसरा गुण त्यांनी स्वतःकडे घेतला. नेहमी गाडी झाडाखाली लावतात, आज घाईत खांबाजवळ लावली होती. आजीने मध्यंतरानंतर एक टाका सुटल्याचं कबूल केलं, पण तो तिने लगेच उचलला होता, त्यामुळे तिच्या वाट्याला अर्धाच. उरलेल्या अर्ध्या गुणाकडे कुणी बघत नव्हतं. म्हणजे सगळे माझ्याकडे बघत होते.

"तू टोपी का काढलीस?" आजीने विचारलं. रागाने नाही. रागाने विचारलं असतं तर बरं झालं असतं.

"घाम आला होता."

"हं," आजी म्हणाली. हा 'हं' मी ओळखतो. आमच्या वाड्यात दूध उतू गेलं की काकू असाच 'हं' म्हणायच्या.

तेवढ्यात मार्टिन्सव्हिल आलं. या गावावरून जाताना आजोबा गाडी थोडी हळू करतात. जॉन वुडन इथल्या शाळेत खेळले, मग पर्ड्यूत आले, आणि पुढे कोच म्हणून कॅलिफोर्नियात यूसीएलए विद्यापीठाला दहा अजिंक्यपदं मिळवून दिली. एरवी आजोबा नुसतं "वुडन" म्हणतात, जसं एसटीतून जाताना देऊळ दिसलं की माणूस हात कपाळाला लावतो. त्या रात्री बराच वेळ त्यांनी काचेबाहेर पाहिलं.

"ब्लूमिंग्टन इथून अर्ध्या तासावर," ते म्हणाले. "त्यांच्या दारातला पोरगा आपण नेला होता."

गाडीत जरा हालचाल झाली. म्हणजे नव्वद वर्षांपूर्वीची उसनवारी आज फिटली, एवढंच. रूममेट म्हणाला, ही तुलना संख्याशास्त्रात बसत नाही. आजीने त्याला गप्प बसवलं.

घरी पोचायला साडेबारा झाले. वाळव्यात सकाळचे अकरा. बाबांचा फोन आलाच.

"किती झालं गाळप?"

"पासष्ट."

"त्यांचं?"

"अडुसष्ट."

बाबा थोडा वेळ गप्प. मागे कारखान्याचा भोंगा वाजला. "उतारा कमी पडला म्हणायचा," ते म्हणाले. "आणि जिंकला असतात तर तुझी फी काही कमी होणार होती का?"

"नाही."

"मग झोप."

झोप आली नाही. टोपीही सापडेना, गाडीतच राहिली होती. रविवारी घरच्या मैदानावर नॉर्थवेस्टर्नशी सामना. शनिवारी सकाळी दार वाजलं. आजी उभी होती, हातात माझी माकडटोपी. दोन्ही कानांना तिने काळ्या-सोनेरी लोकरीचे वीतभर लांब बंद विणून लावले होते.

"बस खाली," ती म्हणाली. "उद्याची गाठ मीच बांधणार आहे. आज माप घेते."